कामगार आणि कुटुंबांच्या सर्व्हेचा डेटा जपताना आणि इतरांना देताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या वस्त्यांमध्ये, मजूर अड्ड्यांवर, मार्केट यार्डात आणि कारखान्यांच्या गेटवर सर्व्हे करणाऱ्या संस्था, संघटनांचे कार्यकर्ते आणि समाजकार्य किंवा अर्थशास्त्र शिकणारे विद्यार्थी आम्हाला सतत जे विचारतात, ते इथे एकत्र केले आहे. सुरुवात सोप्या प्रश्नांपासून आहे, अवघड आणि अपवादाचे प्रश्न पुढे आहेत. कुठलेही उत्तर सुटे वाचले तरी चालेल. एक विषय दुसऱ्यात शिरतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सर्व्हे झाला, रिपोर्ट छापला, प्रकाशनही झाले. आता मूळ डेटा कशाला सांभाळायचा?

रिपोर्टमध्ये फक्त तुम्हाला पडलेल्या प्रश्नांची उत्तरे असतात. वीस वर्षांनी येणाऱ्या अभ्यासकाला वेगळे प्रश्न पडतील आणि त्यांची उत्तरे मूळ नोंदींतच मिळतील. पुण्यात ही परंपरा जुनी आहे. कृषितज्ज्ञ हॅरोल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या तेव्हाच्या लहानशा खेड्यातली शेती, मजुरी आणि घराघरांवरचे कर्ज यांचा अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध केला. आज तिथे उंच सोसायट्या उभ्या आहेत, पण शंभर वर्षांपूर्वीचे ते गाव कसे जगत होते हे त्या नोंदींमुळे कळते. १९३० मध्ये सुरू झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी १९३६-३७ मध्ये पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली आणि १९५० च्या दशकात संस्थेने शहराची पुन्हा पाहणी केली. अशी तुलना करायची तर आधीच्या पाहणीत 'कमावता' कोणाला धरले आणि 'कुटुंब' कोणाला म्हटले, हे लिहून ठेवलेले असावे लागते.

दुसरे कारण आम्हाला जास्त महत्त्वाचे वाटते. चार घरची धुणीभांडी करणारी बाई तुमच्यासाठी पाऊण तास बसते, तेव्हा तिचे पुढचे काम उशिरा होते. तिची उत्तरे एका रिपोर्टनंतर लॅपटॉपबरोबर गेली, की पुढची संस्था तेच प्रश्न घेऊन पुन्हा तिच्याच दारात उभी राहते.

२. एक्सेलची फाइल ठेवली की झाले ना?

नाही. फाइल उघडली आणि 'क७' नावाच्या स्तंभात ३ हा आकडा दिसला, तर तो कशाचा हे फाइल सांगत नाही. जपायच्या गोष्टी या: जशी भरली तशी मूळ फाइल, दुरुस्त केलेली फाइल, काय दुरुस्त केले त्याची नोंद, प्रत्यक्ष विचारलेली मराठी प्रश्नावली (फक्त इंग्रजी मसुदा नव्हे), सर्व्हे करणाऱ्यांना दिलेल्या सूचना, संमतीचा मजकूर, नमुना कसा निवडला त्याचे टिपण आणि कोडबुक. कोडबुकबद्दल पुढच्याच प्रश्नात सांगितले आहे.

एक गोष्ट बहुतेक जण टाकून देतात, ती म्हणजे घरभेटींची वही. किती घरांना कुलूप होते, कोणी नकार दिला, कोणाकडे तीनदा जावे लागले. सकाळी सातला कामावर जाऊन रात्री आठला परतणारी माणसेच कुलूपबंद घरांत राहतात. ही वही नसेल, तर आपल्या सर्व्हेतून कोण सुटले ते कधीच कळत नाही.

मूळ फाइलला मात्र कोणीही हात लावायचा नाही. दुरुस्ती नेहमी प्रतीत करायची.

३. कोडबुक म्हणजे काय आणि त्यात काय लिहायचे?

प्रत्येक स्तंभाची पूर्ण ओळख. उदाहरणार्थ:

स्तंभ: मुख्य काम. प्रश्न: 'गेल्या वर्षभरात सर्वात जास्त दिवस तुम्ही कोणते काम केले?' कोणाला विचारला: १५ वर्षे व त्यावरील सर्वांना. कोड: १ धुणीभांडी, २ स्वयंपाक, ३ बांधकाम मजुरी, ४ कचरावेचक, ५ घरून शिलाई, ६ इतर (पुढच्या स्तंभात लिहा). -७ लागू नाही, -८ सांगायचे नाही, -९ माहीत नाही.

शेवटचे तीन कोड वेगवेगळे ठेवा. पगार विचारल्यावर एखादी 'सांगायचे नाही' म्हणते, तेव्हा तिला तो माहीत असतो. 'माहीत नाही' म्हणते, तेव्हा बहुधा पगार परस्पर दुसऱ्याच्या हातात पडत असतो. दोन्ही ठिकाणी रकाना मोकळा सोडला, तर ही माहिती हरवते. 'माहीत नाही'साठी ९९ वापरू नका. वयाच्या स्तंभात त्यातून नव्व्याण्णव वर्षांची माणसे तयार होतात आणि सरासरी वर जाते.

व्यवसाय आणि उद्योगांचे कोड स्वतः बनवण्याआधी राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण २०१५ आणि राष्ट्रीय उद्योग वर्गीकरण २००८ पाहून घ्या. तुमचे तपशीलवार कोड राहू द्या, पण शेजारी राष्ट्रीय कोडचा स्तंभ जोडा.

४. एक्सेलमध्ये भरताना नेहमी कुठे गडबड होते?

मजुरीत. 'रोज ६००', '१२ हजार', 'महिन्याला वीस-बावीस दिवस' असे सगळे एकाच रकान्यात पडते. दर, तो कशाचा (रोजचा, महिन्याचा की नगावर), मिळालेले दिवस आणि सुटलेला खाडा यांना वेगळे स्तंभ द्या. महिन्याची कमाई नंतर काढा, सर्व्हेच्या वेळी मनातल्या मनात गुणाकार करून लिहू नका.

तारखांत: एक्सेल ३/४ हे कधी तीन एप्रिल समजते, तर कधी चार मार्च. दिवस, महिना, वर्ष तीन स्तंभांत भरले की प्रश्न मिटतो. आकडे इंग्रजी अंकांत भरा, देवनागरी अंक बहुतेक वेळा मजकूर समजले जातात. घरक्रमांकाच्या सुरुवातीची शून्ये जाऊ नयेत म्हणून तो स्तंभ आधीच 'टेक्स्ट' करून घ्या. रंग भरून खुणा करू नका. सीएसव्हीत (म्हणजे फक्त मजकूर आणि आकडे जपणाऱ्या साध्या फाइलप्रकारात) फाइल जतन केली की रंग उडतात आणि 'पिवळ्या ओळी तपासायच्या आहेत' ही माहितीही जाते.

वय 'चाळीस-पंचेचाळीस' असे सांगितले तर तसेच लिहा आणि अंदाजे वयाचा वेगळा स्तंभ ठेवा.

५. आमचा जुना डेटा श्रीलिपीत आहे. आता उघडला की नुसती इंग्रजी अक्षरे दिसतात. तो वाया गेला का?

नाही. श्रीलिपी, आकृती, कृतीदेव अशा जुन्या फाँटमध्ये मराठी अक्षरामागे इंग्रजी अक्षराचा कोड असे. तो फाँट नसला की मागचा कोड उघडा पडतो. फाइल कुठल्या फाँटमध्ये होती ते आधी शोधा, मग त्याच फाँटचा कन्व्हर्टर वापरून युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्या वाचल्या जाणाऱ्या अक्षरपद्धतीत आणा. जोडाक्षरे आणि रफार हमखास बिघडतात, म्हणून निदान शेपन्नास ओळी मूळ कागदाशी ताडून पाहा. मूळ फाइल आणि फाँट दोन्ही ठेवा.

युनिकोडमध्येही एक अडचण राहते. जन्मगावाच्या स्तंभात 'कऱ्हाड' हे दोन प्रकारे टाइप होऊ शकते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसते, पण संगणक त्यांना दोन वेगळी गावे धरतो आणि 'कराड' लिहिणाऱ्यांमुळे तिसरे गाव तयार होते. गावे, तालुके, वस्त्या यांची ठरलेली यादी करून त्यातूनच निवडायला लावा. तयार सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडल्यावर मराठीच्या जागी भलतीच चिन्हे दिसली, तर फाइल 'सीएसव्ही यूटीएफ-८' या पर्यायाने पुन्हा जतन करा.

६. भरलेले कागदी फॉर्म किती दिवस ठेवायचे?

निधी देणाऱ्याची किंवा विद्यापीठाची अट असेल तितके. तशी अट नसेल, तर भरलेला डेटा कागदाशी पूर्ण ताडून होईपर्यंत आणि त्यावरचे लेखन प्रसिद्ध होईपर्यंत. त्यानंतर फाडून नष्ट करा, रद्दीत घालू नका. रद्दी दुकानातून कुठे जाईल ते आपल्या हातात नसते, आणि त्या कागदांवर नावे, फोन आणि कर्जाचे आकडे असतात. भरलेल्या फॉर्मचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणे हेही रद्दीत घालण्याइतकेच वाईट आहे.

७. बॅकअप किती आणि कुठे?

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या इमारतीत. सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा काठच्या तळमजल्यांत एका रात्रीत पाणी शिरले. ऑफिसातला लॅपटॉप आणि शेजारच्या कपाटातली हार्ड डिस्क अशा वेळी बरोबरच बुडतात. नावे-पत्त्यांची फाइल पासवर्डने बंद करूनच ठेवा, आणि पासवर्ड किमान दोन जबाबदार माणसांकडे असू द्या.

८. 'कुटुंब' कोणाला धरायचे? नवरा पुण्यात, बायको-मुले गावाला, असे बरेच असतात.

राष्ट्रीय नमुना पाहणीत सर्वसाधारणपणे एकत्र राहणारे आणि एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब धरतात. पुण्यातल्या खोलीत एकत्र राहून एकत्र स्वयंपाक करणारे सहा बांधकाम मजूर या व्याख्येने एक कुटुंब होतात, मग ते नांदेडचे असोत की बिहारचे. आणि त्यातल्या एकाच्या पगारावर गावाकडे जगणारी आई, बायको, मुले या कुटुंबात येतच नाहीत.

व्याख्या सोडू नका, कारण सरकारी आकड्यांशी तुलना तिच्यावरच टिकते. पण दुसरी यादी जोडा: 'इथे राहत नाहीत, पण तुमच्या कमाईवर आहेत' आणि 'इथे राहत नाहीत, पण पैसे पाठवतात'. प्रत्येकाचे नाते, वय, राहण्याचे ठिकाण आणि पैसे साधारण किती वेळा पाठवले जातात, एवढे पुरे. दोन याद्या कधीही मिसळू नका, डेटा इतरांना देताना तर अजिबात नाही. माणशी खर्च काढताना भागाकार कोणत्या यादीने केला हे कोडबुकात लिहा.

कुटुंबप्रमुख कोण, हे घरच्यांनी सांगितले तेच लिहावे. आणि वैवाहिक स्थितीत 'विवाहित, पण नवरा नांदवत नाही' हा पर्याय वेगळा असू द्या. तो नसला की या बायका 'विवाहित'मध्ये दडतात आणि घर एकटीने चालवणाऱ्यांची संख्या कमी दिसते.

९. आमच्या सर्व्हेत काम करणाऱ्या बायकांचे प्रमाण सरकारी आकड्यांपेक्षा बरेच जास्त आले. आमचे चुकले का?

चुकलेच असेल असे नाही. आधी विचारण्याची पद्धत पाहा. 'ताई, तुम्ही काय काम करता?' 'काही नाही, घरीच असते.' सर्व्हे करणारा 'गृहिणी'वर खूण करून पुढच्या प्रश्नाकडे वळतो. दारात शिलाई मशीन असते आणि शेजारी फॉल-पिकोला आलेल्या साड्यांचा गठ्ठा. यादी वाचून दाखवली, फॉल-पिको, पापड लाटणे, पोळ्या करून देणे, हार करणे, घरच्या टपरीवर बसणे, दुसऱ्याचे मूल सांभाळणे, की तीच ताई म्हणते, 'ते होय, ते तर रोजच असते.'

आमचा आग्रह असा, की पहिले उत्तर आणि यादी वाचल्यानंतरचे उत्तर दोन्ही स्वतंत्र स्तंभांत जपा. दुसरे आले म्हणून पहिले खोडू नका. ती स्वतःच्या कामाला काम म्हणत नाही, ही नोंदसुद्धा मोलाची आहे.

मग व्याख्या ताडा. २०१७ मध्ये सुरू झालेल्या नियतकालिक श्रमबल पाहणीत माणूस दोन मापांनी मोजतात. नेहमीच्या स्थितीत मागचे ३६५ दिवस पाहतात आणि मुख्य कामाशिवाय वर्षात ३० किंवा अधिक दिवस केलेले दुय्यम कामही धरतात. साप्ताहिक स्थितीत मागच्या सात दिवसांत एखाद्या दिवशी किमान एक तास काम केले असेल तरी पुरते. घरच्या धंद्यात बिनपगारी राबणाऱ्यांना कोड २१ मिळतो आणि ते कामगारांत मोजले जातात. फक्त घरकाम करणाऱ्यांना ९२, आणि घरकामाबरोबर सरपण गोळा करणे, घरापुरते शिवणे वगैरे करणाऱ्यांना ९३ मिळतो. हे दोन्ही कोड श्रमबलाबाहेर आहेत, म्हणजे काम करणाऱ्यांत किंवा काम शोधणाऱ्यांत ते धरले जात नाहीत. तुम्ही घरापुरते शिवणेही कामात धरले असेल, तर आकडा वाढणारच.

सरकारी पाहणीच्या आकड्यांना भारांक (निवडलेले एक घर एकूण किती घरांच्या वतीने आहे तो आकडा) लावलेले असतात, तुमच्या तीन वस्त्यांच्या टक्केवारीला नसतात. 'पुण्यातल्या बायका' असे वाक्य लिहिण्याआधी याचा विचार करा. घरकामाचे तास हवे असतील, तर २०१९ आणि २०२४ च्या राष्ट्रीय वेळवापर पाहण्या बघा. त्यांत पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी पहाटे चार असा दिवस अर्ध्या-अर्ध्या तासांत नोंदवला आहे. तुमची दिनक्रमाची तक्ती त्याच चौकटीत आखली, तर तुलना सोपी जाईल.

१०. ऊसतोडीला जोडपे जाते आणि उचल एकत्र मिळते. बायकोची मजुरी किती लिहायची?

'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, बहुतेक नवऱ्याच्या नावावर. रक्कम निम्मी करून दोघांपुढे लिहिली, तर तिला तेवढे पैसे हातात मिळाले असा खोटा अर्थ डेटात घुसतो. सगळी नवऱ्यापुढे लिहिली, तर ती बिनमजुरीची ठरते. म्हणून मजुरीची नोंद माणसाऐवजी कोयत्याच्या पातळीवर करा. त्यासाठी वेगळी तक्ती ठेवा: कोयत्यात कोण कोण, उचल किती, कोणाच्या हातात दिली, किती फिटली. दोघांच्याही ओळींत 'वैयक्तिक मजुरी: लागू नाही, कोयता तक्ती पाहा' असे येईल. वीटभट्टीवरच्या जोडप्यांची मजुरी एकत्र मिळत असेल, तर त्यांनाही हेच लागू.

११. घरातल्या एकानेच सगळ्यांची उत्तरे दिली. चालेल?

चालते, पण प्रत्येक माणसाच्या ओळीत 'उत्तर कोणी दिले' हा स्तंभ हवाच. सासऱ्यांनी सांगितलेली सुनेची मजुरी आणि सुनेने स्वतः सांगितलेली मजुरी यांना एकसारखे वजन देता येत नाही.

१२. कामगार नाक्याजवळचे आमचे गाव आता महापालिकेत आले. जुना आणि नवा डेटा जोडायचा कसा?

पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली, आणि फुरसुंगी व उरुळी देवाची २०२४ मध्ये पुन्हा बाहेर काढली गेली. त्यामुळे 'ग्रामीण की शहरी' हा स्तंभ सर्व्हेच्या तारखेशिवाय निरर्थक आहे. गावाचे किंवा वस्तीचे मूळ नाव कायम ठेवा, सर्व्हेच्या दिवशीची हद्द वेगळ्या स्तंभात लिहा आणि जोडणी नावावरून करा. प्रभागाच्या क्रमांकावरून करू नका, निवडणुकीगणिक प्रभाग बदलतात.

१३. संमती तोंडी घेतली तर चालते का? मजकूर काय असावा?

सही करायला घाबरणारी माणसे बरीच असतात, आणि त्यात त्यांचे चूक नाही. तोंडी संमती घ्या, पण ती कोणी, कधी, कोणासमोर घेतली हे नोंदवा. आम्ही सुचवतो तो मजकूर असा:

'ताई, तुमच्या कामाबद्दल आणि घराबद्दल साधारण पाऊण तास विचारणार आहे. नाही म्हणालात तरी चालेल, मधेच थांबवलेत तरी चालेल. त्याने तुमच्या रेशनला, कामाला काही होणार नाही, आणि उत्तरे दिली म्हणून कुठली योजनाही मिळणार नाही. नाव आणि फोन आम्ही वेगळे कुलपात ठेवू. बोलू का?' आणि शेवटी, सगळे प्रश्न ऐकून झाल्यावर: 'तुमचे नाव काढून ही उत्तरे पुढे दुसऱ्या अभ्यासकांना वाचायला दिली तर चालेल का?'

दुसरा प्रश्न शेवटीच विचारा. आपण काय काय सांगितले हे तेव्हा तिला माहीत असते. जुन्या सर्व्हेत हा प्रश्न विचारलाच नसेल, तर ओळीगणिक डेटा (एकेका माणसाची किंवा घराची उत्तरे) देऊ नका, फक्त एकत्रित तक्ते द्या.

१४. नावे आणि फोन काढून टाकले. आता फाइल देता येईल ना?

अजून नाही. समजा एका ओळीत आहे: वय ४७, विधवा, तीन मुली, मूळ तालुका करमाळा, रिक्षा चालवते, अमुक वस्ती. नाव नाही, पण त्या वस्तीतले कोणीही क्षणात सांगेल ही कोण. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या उपचारांच्या नोंदी नावे काढून अभ्यासकांना दिल्या होत्या. लतान्या स्वीनी या विद्यार्थिनीने १९९७ मध्ये मतदारयादीतली जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड ताडून त्यातून खुद्द गव्हर्नरची नोंद शोधून काढली.

म्हणून वयाचे गट करा, तालुक्याऐवजी जिल्हा ठेवा, वस्तीऐवजी क्षेत्रीय कार्यालयाचा भाग. दुर्मीळ कामे मोठ्या गटात घाला. सर्वात जास्त कमाईच्या नोंदींना वरची मर्यादा घाला, म्हणजे '४०,००० किंवा अधिक'. तक्त्यातल्या एखाद्या खान्यात पाचपेक्षा कमी माणसे असतील, तर तो खाना आम्ही झाकतो. मोकळ्या शब्दांतली उत्तरे एकेक वाचून काढा, त्यांत मालकिणीचे नाव, सोसायटीचे नाव, दवाखान्याचे नाव हमखास येते. कोबोसारख्या ॲपवर भरले असेल, तर जीपीएसचा स्तंभ आणि फोटोंत दडलेले ठिकाणही काढा.

कुटुंबाच्या डेटात आणखी एक धोका आहे आणि तो घरातच असतो. एखाद्या ताईने सांगितलेले असते, 'नवऱ्याला माहीत नाही, पण मी भिशी लावली आहे.' बाहेरच्याला ती ओळ ओळखू येणार नाही, पण नवऱ्याला स्वतःचे घर मुलांच्या वयांवरून लगेच ओळखू येते. घरातल्यांपासून लपवलेल्या गोष्टींचे स्तंभ खुल्या फाइलमध्ये कधीच नकोत.

१५. नवा डेटा संरक्षण कायदा आमच्यासारख्या लहान संस्थेला लागू होतो का?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ संस्थेचा आकार पाहत नाही. कागदावर घेऊन नंतर संगणकात भरलेली माहितीही त्यात येते. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते आणि सुरक्षिततेत हयगय केल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. संशोधन, अभिलेखन आणि सांख्यिकी यांसाठी सवलत आहे, पण त्या माहितीवरून त्या विशिष्ट माणसाबद्दल निर्णय घ्यायचा नाही आणि ठरवलेली मानके पाळायची, या अटींवर. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, बंधने टप्प्याटप्प्याने लागू होतात. सवलत आहे म्हणून संमती घ्यायची नाही, असा अर्थ कृपया काढू नका.

१६. डेटा ठेवायचा आणि द्यायचा कुठे?

तीन पातळ्या करा. एकत्रित तक्ते, प्रश्नावली आणि कोडबुक सर्वांना खुले. ओळख झाकलेली ओळीगणिक फाइल लेखी अर्जावर. संवेदनशील स्तंभ फक्त तुमच्या ऑफिसात बसून पाहण्यासाठी, किंवा अजिबात नाही. खुल्या भागासाठी भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषदेची डेटा सेवा किंवा झेनोडो यांसारखी भांडारे आहेत. झेनोडोवर फाइलला डीओआय, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक मिळतो, त्यामुळे संस्थेची वेबसाइट बंद पडली तरी संदर्भ तुटत नाही. खुल्या भागाला 'सीसी बाय' परवाना लावला, तर वापरणाऱ्याला श्रेय द्यावे लागते. मांडणी कशी असावी यासाठी केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाचे मायक्रोडेटा (ओळीगणिक डेटा) पोर्टल पाहा. तिथे नोंदणी केली की श्रमबल पाहणीच्या फाइली कागदपत्रांसह फुकट मिळतात.

१७. ओळखीचे प्राध्यापक फाइल मागतात. मेल करून टाकू का?

लेखी हमीपत्राशिवाय नको, ओळख कितीही जुनी असली तरी. त्यात चार गोष्टी हव्यात: फाइल कशासाठी हवी, कोणाकोणाच्या हातात राहील, कोणालाही शोधून काढण्याचा प्रयत्न करणार नाही, आणि काम संपल्यावर अमुक तारखेला पुसून टाकेन. चांगल्या अभ्यासकाला याचा राग येत नाही.

१८. संघटनेला किमान वेतनापेक्षा कमी मिळणाऱ्या कामगारांची नावे हवी आहेत. चांगल्या कामासाठी आहे, द्यायची का?

नाही. हेतू चांगला असला तरी त्या माणसाने ते तुम्हाला अभ्यासासाठी सांगितले होते. मालकाशी भांडायचे की नाही हा निर्णय त्याचा आहे, आणि नोकरी गेली तर त्याचीच जाणार आहे. मार्ग असा: सर्व्हे संपताना प्रत्येकाला संघटनेचा पत्ता असलेली चिठ्ठी द्या, किंवा 'संघटनेने तुम्हाला फोन केला तर चालेल का?' हे वेगळे विचारा आणि 'हो' म्हणणाऱ्यांचीच यादी वेगळ्या वहीत करा. कुठल्या भागात, कुठल्या कामात वेतन किती कमी आहे, हे तक्ते मात्र संघटनेला लगेच द्या. मागणी मांडायला तेवढे पुरेसे असते.

१९. कंपनीने पैसे दिले होते. त्यांना संपूर्ण फाइल मागण्याचा हक्क आहे का?

करारात काय आहे ते पाहा, आणि पुढच्या वेळी करार होण्याआधी लिहून घ्या की कंपनीला फक्त तक्ते मिळतील. खाते, पाळी आणि नोकरीची वर्षे एवढ्यावरून एचआरला माणूस सापडतो. 'सुपरवायझर शिवीगाळ करतो' असे उत्तर त्या ओळीत असेल, तर पुढे काय होईल ते सांगायला नको.

२०. पोलिसांनी किंवा न्यायालयाने फाइल मागितली तर?

जनगणनेच्या नोंदींना १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ चे संरक्षण आहे: त्या कोणाला पाहता येत नाहीत आणि पुरावा म्हणून चालत नाहीत. खासगी सर्व्हेला तसे कवच नाही. तोंडी मागणीवर काही देऊ नका, लेखी आदेश मागा आणि वकिलाला दाखवा. खरी सुरक्षितता आधीच्या शिस्तीत आहे: नावांची आणि उत्तरांची फाइल वेगळी, आणि पुन्हा भेटीची गरज संपली की त्यांना जोडणारी यादी नष्ट. मागणी आल्यानंतर मात्र काहीही पुसू नका, तो गुन्हा ठरू शकतो.

२१. 'गुप्त ठेवू' असे सांगितले, आणि घरात मुलावर अत्याचार होत असल्याचे कळले. आता?

पोक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ नुसार मुलावरील लैंगिक गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती कळवण्याचे बंधन आहे, सर्व्हे करणारेही त्यात आले. म्हणून संमतीच्या मजकुरात 'लहान मुलाला धोका असेल, तर मात्र आम्हाला कळवावे लागते' हे वाक्य आधीच घाला. बाल हेल्पलाइनचा क्रमांक १०९८. सर्व्हेला गेलेल्या विद्यार्थ्याने स्वतः चौकशी सुरू करू नये, त्याच दिवशी जबाबदार व्यक्तीला सांगावे. चौदा वर्षांखालचे मूल कामाला लावलेले दिसले, तर तेही याच क्रमांकावर कळवता येते. डेटात त्या मुलाची ओळ राहील, पण तक्रारीची नोंद डेटाला जोडायची नाही.

२२. नवऱ्याच्या मारहाणीबद्दलची उत्तरे बाकीच्या उत्तरांबरोबर ठेवायची का?

नाही, वेगळ्या कुलूपबंद फाइलमध्ये. विचारतानाही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पद्धत पाळा: घरातल्या एकाच बाईला, पूर्ण एकांतात, आणि एकांत मिळत नसेल तर तो भाग सोडून द्यायचा. सोडला तर कोडबुकात 'एकांत मिळाला नाही' हा वेगळा कोड असावा. दहा बाय दहाच्या खोलीत हा कोड वारंवार येईल. त्याला 'मारहाण नाही' समजणे ही फार मोठी चूक ठरेल.

२३. एका ताईंचा दोन महिन्यांनी फोन आला, 'माझे काढून टाका.' फाइल तर दोघांना देऊन झाली.

कारण विचारू नका. तुमच्याकडच्या सर्व प्रतींतून ती ओळ काढा, बॅकअपमधूनही. फाइल घेतलेल्यांना नवी आवृत्ती पाठवून जुनी पुसायला सांगा. प्रश्न १७ मधल्या हमीपत्रात हे कलम घातले असेल तर बोलणे सोपे जाते. छापून झालेला तक्ता बदलता येत नाही, ते त्यांना सरळ सांगा. जोडणारी यादी आधीच नष्ट केली असेल (प्रश्न २०), तर त्यांची ओळ शोधणेच शक्य नसते. म्हणून ती नष्ट करण्याची तारीख संमती घेतानाच सांगा: 'दिवाळीपर्यंत फोन केलात तर काढता येईल.'

२४. वस्तीला परत काय द्यायचे?

मराठीत एका पानावर मुख्य आकडे, आणि बायका-पुरुष कामावरून आल्यानंतरच्या वेळी एक बैठक. बैठकीत कोणाची गोष्ट उदाहरण म्हणून सांगू नका, नाव न घेताही नाही. आकडे ऐकून लोक 'इथे कमी धरले', 'हे आमच्याकडे असे नसते' म्हणतात. ती प्रत्येक हरकत तारीख घालून कोडबुकात लिहा आणि पुढची फाइल देताना बरोबर द्या.